निवडुंग, कुंडी आणि आपला पाऊस



कामगारांच्या सभेत बोलण्याची मला पंचवीस-तीस वर्षांची सवय आहे. परंतु झाडांवर बोलण्यासाठी व्यासपीठावर उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. शाळेशी माझा संबंध लवकर सुटला. झाडांविषयी जे थोडे कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि त्याहून अधिक माझ्या हातून मेलेल्या झाडांकडून.

पहिले मेलेले झाड म्हणजे एक वाटोळा, पिवळ्या काट्यांचा कॅक्टस. एका कामगाराने निवृत्त होताना तो मला दिला. शहाळ्याएवढा होता आणि त्याने तो बारा वर्षे वाढवलेला होता. मी तो खिडकीबाहेर तुळशीशेजारी ठेवला आणि तुळशीबरोबर रोज त्यालाही तांब्याभर पाणी घालू लागलो. जुलै आला, पाऊस लागला. श्रावणात एके दिवशी कुंडी हलवायला गेलो, तर वरून हिरवागार दिसणारा तो गोळा हातातच फसकन बसला. आत नुसता काळा चिखल होता. बारा वर्षांची माणसाची माया मी चार महिन्यांत कुजवली. देणाऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटली. अखेर त्याच्याकडे पोलादपूरला गेलो आणि कबुली दिली. तो हसला आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही सगळ्यांचे संप समजून घेता. हा चार महिने संपावर जातो, एवढे कसे कळले नाही?”

त्या वाक्यापासून माझा अभ्यास सुरू झाला.

आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यात दोन अगदी निराळी कुळे आहेत. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग किंवा शेर आणि अमेरिकेतला कॅक्टस यांचा नात्याने काही संबंध नाही. कॅक्टसच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि एक अपवाद सोडला तर त्या साऱ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्या देशावरचा फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला पाहुणा. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीकशा गादीतून फुटतात. शेराच्या कुळात ती गादी नसते. पुष्कळ लोक चिकावरून ओळखतात, पण काही खऱ्या कॅक्टसनाही पांढरा चीक असतो, म्हणून गादीच पाहावी.

हा फरक पंडिती नव्हे. शेराच्या जातीचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते आणि दृष्टीलाही इजा पोहोचते. नर्सरीत ही झाडेही ‘कॅक्टस’ म्हणूनच विकली जातात. घरात रांगते मूल असेल तर ती आणूच नयेत. छाटणी करताना चीक उडालाच, तर रासायनिक कारखान्यातला कामगार जे करतो तेच करावे: डोळे न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावेत आणि डॉक्टरकडे जावे. आधी डॉक्टर शोधण्यात वेळ घालवू नये.

आता मुख्य प्रश्न. महाड-पोलादपुरात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मेक्सिकोच्या ज्या भागांत कॅक्टस वाढतात त्यांपैकी कित्येक ठिकाणी त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. मग हे झाड आपल्याकडे जगावे कसे?

उत्तर मला आपल्याच डोंगरात सापडले. सह्याद्रीच्या उघड्या कातळांवर निवडुंगाची बेटे उभी असतात. आपल्या अंगणाइतकाच, किंबहुना अधिक पाऊस ती खातात आणि कुजत नाहीत. याचे कारण त्यांची मुळे कातळाच्या भेगेत, मूठभर दगडगोट्यांत असतात. पडलेले पाणी क्षणभरही तेथे थांबत नाही. म्हणजे मारतो तो पाऊस नव्हे, साचलेले पाणी मारते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात हवा कोंडली की मुळे गुदमरतात, मग त्यांत बुरशी शिरते.

तेव्हा आपल्याला कुंडीत कातळ तयार करायचा आहे. कुंडी मातीचीच घ्यावी, कारण ती सर्व अंगांनी सुकते. प्लास्टिकची केवळ वरून आणि तळाच्या भोकातून. चकचकीत चिनी मातीच्या, बिनभोकाच्या कुंडीत कॅक्टस विकणे म्हणजे मी तर फसवणूकच समजतो. मिश्रणात निम्म्याहून अधिक जाड वाळू आणि विटांचा चुरा असावा, उरलेल्यात बागेची माती आणि पूर्ण कुजलेले थोडे शेणखत. वाळू नदीची घ्यावी. सावित्रीच्या खाडीकडची वाळू खारट असते, ती स्वच्छ धुतल्यावाचून वापरू नये. आपल्या भातखाचरातली माती मात्र अजिबात नको. भाताला जे गुण प्रिय तेच कॅक्टसला घातक.

एवढे केले तरी वाळवंटी जातींना पावसात उघडे ठेवून चालत नाही. आपल्या हवेतच इतका दमटपणा असतो की ओली झालेली कुंडी आठवडा आठवडा वाळत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या सरीआधी झाड पागोळीच्या आत, पण उजेडात घ्यावे. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा थोडे पाणी, तेही उघडीप पाहून. मोठ्या झाडाला तेवढेही न घातले तरी चालते. हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पण हे आकडे म्हणजे करार नव्हे. उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसावी; बाहेर काढल्यावर तिला ओल लागलेली असेल तर तांब्या खाली ठेवावा. आणि चार महिने सावलीत राहिलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवू नये. त्याची कातडी भाजते आणि तो डाग जन्मभर जात नाही.

इतके कमी पाणी त्याला कसे पुरते, हे सांगण्यासारखे आहे. बहुतेक झाडे दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतला कर्बवायू घेतात आणि त्याच दारातून त्यांचे पाणी वाफ होऊन जाते. कॅक्टस रात्रपाळीचा कामगार आहे. तो रात्री गारव्यात दारे उघडतो, कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा दारे लावून आत अन्न शिजवतो. यावरून काही विक्रेते सांगतात की कॅक्टसने खोलीतली हवा शुद्ध होते, संगणकाजवळ ठेवला तर त्यातले किरण शोषून घेतो. हवेवर कुंडीभर झाडाचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो, आणि किरणांची गोष्ट केवळ बाजारू आहे.

बाजारातली आणखी एक गंमत पाहा. हिरव्या त्रिधारी दांड्यावर लालभडक किंवा पिवळा गोळा बसवलेले झाड सर्वांना भुरळ घालते. तो लाल गोळा म्हणजे हरितद्रव्य नसलेला एक कॅक्टस. त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही, म्हणून त्याचे कलम दुसऱ्यावर करतात. खाली राबणारा हिरवा आणि वर मिरवणारा लाल! माझ्या धंद्यातल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटते. फक्त रंगांची अदलाबदल झाली आहे. ही जोडी बहुधा थोडी वर्षेच टिकते, हे जाणून घ्यावे. काट्यांवर कोरडी कागदी फुले डिंकाने चिकटवलेलीही मी पाहिली आहेत. खरेदी नोव्हेंबरात करावी, म्हणजे झाडाला रुळायला सात महिने मिळतात. बुडाशी हलके दाबून पाहावे. मऊ लागले तर घेऊ नये. सशाच्या कानांसारख्या दिसणाऱ्या छोट्या फड्यांचे मोठे काटे नसतात म्हणून ती निरुपद्रवी समजू नका. त्यांची बारीक कुसळे शेकड्यांनी बोटांत शिरतात आणि दिसतही नाहीत.

रोगांत कुजण्याखालोखाल त्रास पिठ्या ढेकणाचा. कापसाचे बारीक पुंजके दिसले की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने टिपून काढावेत. या किड्याचा एक जवळचा भाऊबंद इतिहासात गाजलेला आहे. 1795 मध्ये लाल रंगाच्या व्यापारासाठी ब्राझीलहून बंगालमध्ये कोचिनीलचे किडे आणले. पण ती जात चुकीची निघाली. रंग साधला नाही, फड्या निवडुंगाची एक जात मात्र त्यांनी फस्त केली. पुढे 1926 मध्ये दुसऱ्या जातीचा किडा सिलोनहून मुद्दाम आणला गेला आणि माजलेल्या दुसऱ्या फड्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला. राने साफ करणारी ही टोळी. तिचे भाऊबंद खिडकीतल्या चार कुंड्यांत शिरले तर काय करतील ते ओळखावे.

झाड बुडाशी कुजू लागले तर सगळे गेले असे मात्र नाही. स्वच्छ सुरीने वरचा चांगला भाग कापावा. कापलेल्या जागी तांबूस ठिपकाही दिसेनासा होईपर्यंत कापत जावे. मग तो तुकडा सावलीत आठ-दहा दिवस तसाच ठेवून जखम वाळू द्यावी आणि कोरड्या वाळूवर उभा करावा. 22 जुलै 2021 च्या महापुरात माझ्या खोलीत गाळ भरला. पोलादपूरच्या त्या गृहस्थाने मला दुसऱ्यांदा दिलेला गोळा दीड दिवस पाण्यात होता. घरातले धान्य, कागद, संघटनेची दप्तरे उपसण्यात चार दिवस गेले, मग तो हाती लागला. धुतला, मुळांची माती पूर्ण झाडली आणि फळीवर नुसता ठेवून दिला. तीन आठवड्यांनी कुंडीत लावला. आज तो माझ्या खिडकीत आहे. एका बाजूला खरवडल्याचा डाग तेवढा राहिला आहे.

सरतेशेवटी, ज्यांना एवढी दगदग नको त्यांच्यासाठी एक झाड सांगतो, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेलच. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, तो कॅक्टस आहे! खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, ते निराळे. आपले हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या ओल्या रानांतले, झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. त्याची पाने म्हणून आपण जी पाहतो ते चपटे दांडेच होत, म्हणून तर फूल ‘पानाच्या’ खाचेतून निघते. त्याला आपला दमटपणा मानवतो, कडक ऊन सोसत नाही. मातीत पालापाचोळ्याचे खत अधिक घालावे, दुपारच्या सावलीत ठेवावे, पाणी इतर कॅक्टसपेक्षा थोडे सढळ हाताने द्यावे. मात्र कुंडीचे भोक मोकळे हवेच. एक दांडा तोडून, जखम वाळवून लावला की नवे झाड होते, म्हणून ते विकत घेण्याचीही गरज नाही, शेजाऱ्याकडे मागावे. कळी खाली लोंबून मग देठ वर वळवू लागली आणि फुगली की त्या दिवशी रात्री नऊनंतर जागे राहावे. सकाळपर्यंत फूल मिटलेले असते.