यादीतली मुकी चूक



गारपिटीनंतरची गोष्ट. तलाठी, ग्रामसेवक आणि मी अशा तिघांनी चार दिवस बांधाबांधाने फिरून पंचनामे केले. (या पदांची नावे आता बदलली, काम मात्र तेच आहे.) रात्री बसून संगणकावर यादी केली, खाली बेरीज घेतली आणि कागद पुढे पाठवला. दीड-दोन महिन्यांनी गावात पैसे जमा झाले. ४१ जणांना मिळाले, ६ जणांना नाही. त्या सहांतले एक म्हातारे बाबा सकाळीच दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पंचनाम्याला तुम्हीच आला होता. रानात फिरून बघितलं तुम्हीच. मग माझं नाव गेलं कुठं?"

नाव कुठं गेलं नव्हतं. यादीत अनुक्रमांक ४३ ला होतं. पण बेरजेत नव्हतं. शेवटच्या दिवशीचे ६ पंचनामे मी यादीच्या तळाला चिकटवले आणि बेरजेचे सूत्र जुन्या ४१ नावांवरच थांबलेले राहिले. मागणी बेरजेप्रमाणे गेली, निधी मागणीप्रमाणे आला. पुरवणी यादी मंजूर होईपर्यंत आणखी तीन महिने गेले. तोवर बाबांनी बियाणं उधारीवर उचललं. चूक माझी, भुर्दंड त्यांना.

आज अनुदानाची यादी असो, पाणीपट्टीची वसुली असो की बचत गटाचा हिशेब, सगळे एक्सेलच्या तक्त्यात होते. म्हणून हा तक्ता चुकतो कुठे आणि चूक शोधायची कशी, हे आज पाहू.

ओरडणारी चूक

तक्त्याच्या प्रत्येक चौकोनाला आपण घर म्हणू. घरात बरोबरची खूण (=) देऊन जे लिहितो ते सूत्र. सूत्राला काही जमले नाही तर संगणक # ही खूण टाकून तसे सांगतो. त्याचा अर्थ असा :

#व्हॅल्यू! – आकड्याच्या जागी अक्षर आले. क्षेत्राच्या घरात '०.४० हे.' असे लिहिले की गुणाकार अडतो. घरात फक्त आकडा लिहावा, 'हेक्टर' हा शब्द रकान्याच्या मथळ्यात टाकावा.

#डिव्ह/०! – शून्याने किंवा रिकाम्या घराने भागले. हेक्टरी उत्पादन काढताना क्षेत्र भरायचे राहिले की हे दिसते.

#रेफ! – सूत्र ज्या घराकडे पाहत होते ते घरच कोणी पुसून काढले. रकाना काढून टाकण्याआधी त्यावर कोणते सूत्र अवलंबून आहे ते पाहावे.

#नेम? – सूत्राचे नाव लिहिताना स्पेलिंग चुकले.

#एन/ए – दुसऱ्या यादीत नाव शोधले पण सापडले नाही. पुष्कळदा नावापुढे नुसती मोकळी जागा असते किंवा एका यादीत 'श्री.' असते, दुसरीत नसते.

आणि ओळीने नुसते ####### दिसले तर बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो. तो रुंद करावा.

या चुकांना भिऊ नये. राखणीचा कुत्रा भुंकला म्हणून कोणी त्याला मारत नाही. काही जण # दिसू नये म्हणून सूत्रातच अशी सोय करतात की चूक आली तर घर कोरे दिसावे. पण चूक तशीच राहते आणि ती कोणाला दिसतही नाही.

मुकी चूक

खरी भीती या दुसऱ्या जातीची. तक्ता स्वच्छ दिसतो, आकडा छान येतो आणि तो चुकीचा असतो.

पहिली, तोकडी बेरीज. माझी चूक हीच. यादी वाढली, बेरीज वाढली नाही. संगणक कधी आपणहून बेरीज वाढवतो, कधी नाही. त्यावर विसंबू नये. ही चूक फक्त खेड्यातल्या यादीत होते असे नाही. रेनहार्ट आणि रोगॉफ या अमेरिकेतल्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांवरचे कर्ज आणि त्यांची वाढ यांवर लेख लिहिला. अनेक देशांत खर्चकपातीच्या बाजूने त्याचा आधार दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा तक्ता मागवून पाहिला. सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच थांबलेले होते, पाच देश सुटले होते. लेखात इतरही दोष निघाले, पण ही चूक लेखकांनी मान्य केली.

उपाय सोपा आहे. बेरजेच्या घरावर दोनदा टिचकी मारावी. सूत्रात धरलेल्या घरांभोवती रंगीत चौकट दिसते. ती शेवटच्या नावापर्यंत पोचते का ते पाहावे. बेरजेच्या वर एक ओळ कायम रिकामी ठेवून तीही सूत्रात धरावी आणि नवी नावे त्या रिकाम्या ओळीच्या वरच घालावीत.

दुसरी, अक्षर झालेला आकडा. दिसायला आकडा, पण संगणकाच्या लेखी अक्षर. बेरीज त्याला गुपचूप वगळते. देवनागरीत टाकलेल्या आकड्यांचे पुष्कळदा असेच होते, म्हणून हिशेबाच्या रकान्यात इंग्रजी आकडेच टाकावेत. आपण काही बदल केला नसेल तर खरा आकडा घरात उजवीकडे सरकतो, अक्षर डावीकडे. घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी, सरकलेला दर. दर एका घरात लिहिला, समजा एच १ मध्ये. पहिल्या नावाला क्षेत्र गुणिले एच १ असे सूत्र दिले आणि ते खाली ओढले. दुसऱ्या नावाला ते एच २ होते, तिसऱ्याला एच ३. ती घरे रिकामी असली तर रक्कम शून्य येते, तिथे दुसरा आकडा असला तर भलतीच येते. म्हणून दराचे घर $ ची खूण देऊन बांधून टाकावे : $एच$१. मग सूत्र कितीही खाली ओढले तरी दर जागचा हलत नाही.

चौथी, हेक्टर-आरची गफलत. यात सूत्राचा दोष नाही, पण सर्वांत जास्त पैसा इथेच इकडचा तिकडे होतो. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर. म्हणून १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, कोणी घाईत १.५ लिहितो, म्हणजे दीड हेक्टर. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, उदाहरणापुरता तोच दर घेऊ. खरी रक्कम ८,९२५, यादीतली १२,७५०. फरक ३,८२५ रुपयांचा. उलटेही होते. यादीत १.५० लिहिले की संगणक शेवटचे शून्य गाळून १.५ दाखवतो, आणि वाचणारा त्याला एक हेक्टर पाच आर समजतो. या रकान्यात दशांशानंतर दोन अंक कायम दिसतील असे ठरवून द्यावे. त्याहून बरे म्हणजे हेक्टरचा रकाना वेगळा, आरचा वेगळा, आणि सूत्रात आरला १०० ने भागून मिळवणी.

आपण बोलतो मात्र एकर-गुंठ्यात. 'एक एकर वीस गुंठे' कोणी १.२० लिहिले तर रक्कम होते १०,२०० रुपये. खरे क्षेत्र ६० गुंठे, म्हणजे सुमारे ०.६१ हेक्टर, रक्कम ५,१८५. जास्त पैसे आले म्हणून खुश होऊ नये, पुढे वसुलीची नोटीस घरी येते.

पाचवी, खाते क्रमांक. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच सांभाळतो. १६ अंकी खाते क्रमांक साधा आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीचे शून्यही गळते. पैसे अडकतात ते इथे. क्रमांक टाकण्यापूर्वीच तो रकाना 'टेक्स्ट' म्हणजे अक्षराचा करावा. नंतर करून गेलेला अंक परत येत नाही.

यादी पाठवण्यापूर्वी

एक, नावे मोजा आणि रकमा मोजा. रकमांचा रकाना निवडला की पडद्याच्या तळाशी संख्या आणि बेरीज दिसते. तिथे 'न्यूमेरिकल काउंट' हा पर्याय चालू करून घ्यावा, त्यात फक्त खरे आकडे मोजले जातात. नावे ४७ आणि आकडे ४६ असतील तर एक माणूस सुटला आहे.

दोन, पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन ओळी कागदावर हाताने गुणून पाहाव्यात.

तीन, ज्याने यादी केली त्यानेच ती तपासू नये. एकाने सातबारा वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावे.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठीही काम आहे. यादी लागली की नुसते नाव आहे का एवढेच पाहू नका. क्षेत्र बाधित क्षेत्राशी जुळते का, दर आदेशातलाच आहे का, मोबाइलवर गुणाकार केला तर तीच रक्कम येते का, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक बरोबर आहेत का, हे पाहा. यादी पुढे जाण्याआधी चूक सापडली तर दुरुस्ती पाच मिनिटांची असते. निधी आल्यावर सापडली तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

बाबांचे पैसे शेवटी जमा झाले. पण त्या हंगामाचे बियाणे उधारीचेच राहिले. तेव्हापासून मी यादी आधी चावडीवर मोठ्याने वाचतो. नाव, क्षेत्र, रक्कम आणि शेवटी बेरीज. बाबा पुढच्याच रांगेत बसतात. वाचून झाले की विचारतात, "साहेब, शेवटचं नाव बेरजेत धरलं का?" मी त्यांच्यासमोर बेरजेच्या घरावर दोनदा टिचकी मारून दाखवतो.