मास्तरकीची मुलाखत आणि दुकानाचे भांडवल

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात शिवणकाम, वेल्डिंग, किराणा किंवा आठवडी बाजारातील कापडाच्या दुकानावर चालणाऱ्या आपल्या अनेक घरांत आता एखादी मुलगी किंवा मुलगा डी.एड., बी.एड. झालेला असतो. मग एखाद्या खासगी शाळेकडून मुलाखतीचे बोलावणे येते आणि घरात दोनच गोष्टींची चर्चा सुरू होते : ओळख कुणाची लावायची आणि पैसे किती द्यायचे. उमेदवाराने वर्गात काय शिकवायचे, हे कुणी विचारत नाही. व्यापाराच्या पानावर आम्ही हा विषय घेतला तो यासाठी, की ते पैसे शेवटी दुकानाच्या गल्ल्यातूनच निघतात.

आधी पात्रतेचे पाहू. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण असावी लागते. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला त्यात 90 गुण हवेत. पवित्र पोर्टलमार्फत होणाऱ्या भरतीसाठी याशिवाय 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. पोर्टलवर काही पदे मुलाखतीशिवाय भरली जातात, तर खासगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय असतो. आपल्या लोकांत एक समजूत आहे की अल्पसंख्याक संस्थेत टीईटी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली, आणि अल्पसंख्याक शाळांपुरता प्रश्न मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. अशा अधांतरी सवलतीवर पोराचे आयुष्य टांगू नये. परीक्षा द्यावी, पास व्हावे, म्हणजे कुठल्याही दारात ताठ मानेने उभे राहता येते.

आता मुलाखत. कागदपत्रे आणि ओळखीपाळखीचे प्रश्न लवकर आटोपतात. खरी कसोटी लागते ती नमुना पाठात. खडू हातात देऊन "दहा मिनिटे शिकवून दाखवा" असे सांगितले जाते. इथे बहुतेक उमेदवार पाठ केलेली व्याख्या फळ्यावर लिहून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे, की व्यापारी आणि कारागिरांच्या मुलांना इथे बाहेरून काही आणावे लागत नाही. शिंप्याच्या मुलीने टेप घेऊन जावे. अडीच मीटर कापड आहे, 75 सेंटिमीटरचे किती तुकडे निघतील? तीन निघतात आणि 25 सेंटिमीटर उरते. बाकी म्हणजे काय, हे चौथीच्या पोराला त्या उरलेल्या तुकड्यावरून लगेच कळते. भाताच्या गिरणीत हमाली किंवा हिशेब करणाऱ्याच्या मुलाने शेकडेवारी घ्यावी. सरकारी धान भरडाईत एक क्विंटल धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ परत देण्याचे प्रमाण धरले जाते. उरलेले 33 किलो कुठे गेले, एवढा एकच प्रश्न वर्गाला विचारला की कोंडा, भुसा, कणी सगळे बोलू लागतात आणि शेकडेवारी पुस्तकातून बाहेर येते. या भागातल्या कोणत्या पोराने धान पाहिलेला नाही?

तयारीही दुकानातच करावी. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाले की शेजारची चार लहान मुले बसवावीत आणि घड्याळ लावून दहा मिनिटे शिकवावे. सुरुवातीला आवाज चिरकतो, फळ्याकडे तोंड करून बोलण्याची खोड असते. बापाने गल्ल्यावर बसून ऐकावे. "काही समजले नाही" असे घरच्या माणसाने सांगितलेले परवडते.

जंगलपट्ट्यातील मुलाखतीत आणखी एक गोष्ट हमखास निघते : इथल्या मुलांची भाषा. चंद्रपूर-गडचिरोलीत मुले घरी झाडीबोली बोलतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात गोंडी किंवा माडिया. मूल "पाणी"ला "पानी" म्हणाले तर तुम्ही काय कराल? पहिल्या दिवसापासून टोकणारा उमेदवार कमिटीलाही आवडत नाही, आणि आम्हालाही. मुलाचा शब्द आधी घ्यावा, पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत गेलेल्या आपल्या मुलांना ही अडचण अनुभवाने ठाऊक असते. ते तसेच सांगावे, सजवून नको. दुर्गम गावात राहणार का, असेही विचारतात. जमणार नसेल तर हो म्हणू नये.

आता पैशांकडे येतो. माल घेताना आपण वजन पाहतो, पावती मागतो. नोकरीच्या बाबतीत मात्र तोंडी शब्दावर लाखाच्या गोष्टी करतो. मुलाखतीनंतर अदबीने चार गोष्टी विचाराव्यात. पद संचमान्यतेत मंजूर आहे काय? शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित की विनाअनुदानित? शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता कधी मिळेल? आणि शालार्थ प्रणालीत नाव केव्हा येईल? अनुदानित शाळेचा पगार याच प्रणालीतून निघतो. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यापूर्वी टीईटीच्या निकालातील गैरप्रकारात 2022 मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली होती. पैसे देऊन घेतलेला कागद वर्षांनंतरही फिरतो, आणि तेव्हा दिलेली रक्कम मागायला दार उरत नाही, कारण पावतीच नसते.

नेमणूक झालीच तर आदेश लेखी घ्यावा, त्यावर पद, तारीख आणि वेतन स्पष्ट असावे. खासगी शाळांच्या नोकरीला 1977 चा कायदा लागू आहे, आणि बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात जाताना पहिला कागद हाच लागतो. मंजूर पदावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून असतात. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. तोवर दुकानाचे कर्ज या पगारावर फेडण्याचा हिशेब घरच्यांनी मांडू नये.