सूज घशापर्यंत पोहोचण्याआधी

आनुवंशिक अँजिओएडेमा या विकारात ओठ, पापण्या, हातपाय, आतडी किंवा घसा यांना अधूनमधून सूज येते आणि ती दोन ते पाच दिवस टिकते. अंगावर पित्त उठते तेव्हाच्या सुजेसारखी ती दिसत असली, तरी तिच्यात खाज नसते, चट्टे नसतात, आणि ॲलर्जीवर हमखास दिली जाणारी औषधे, म्हणजे अँटिहिस्टामाइन, स्टेरॉइड व ॲड्रेनालिन, तिच्यावर निष्प्रभ ठरतात. आतड्यांना सूज आली की पोटात असह्य कळा येतात, आणि ॲपेंडिक्सच्या संशयावरून अनावश्यक शस्त्रक्रिया झालेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळतात.

या विकाराच्या बहुतेक रुग्णांत अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे ‘सी-१ इन्हिबिटर’ हे रक्तातील प्रथिन कमी पडते किंवा निकामी असते. या प्रथिनाची उणीव डोनाल्डसन आणि इव्हान्स यांनी १९६३ मध्ये केलेल्या संशोधनातून प्रथम समोर आली. या प्रथिनाचा लगाम सुटला की ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य बेसुमार तयार होते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि त्यांतील द्रव ऊतींमध्ये झिरपतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोषही पुरेसा असल्याने प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

साधारण ५० हजारांत एक, हे नेहमी सांगितले जाणारे प्रमाण धरले, तर भारतात असे रुग्ण हजारोंनी असणार. त्यांतील बहुतेकांचे निदान मात्र झालेलेच नाही. वास्तविक ‘सी-४’ या पूरक प्रथिनाची स्वस्त रक्तचाचणी बहुतेक रुग्णांत संशय पक्का करण्यास पुरते. अडते ते ती सुचवणाऱ्या डॉक्टरपाशी.

उपचारांत विषमता अधिक ठळक आहे. भारतात वापरले जाणारे स्वस्त डॅनाझोल हे पुरुषी संप्रेरकाशी साधर्म्य असलेले औषध झटके कमी करते, पण त्याने यकृतावर ताण येतो, स्त्रियांच्या चेहऱ्यावर केस वाढतात, आणि गरोदरपणात ते वर्ज्य असते. ऐन झटक्यात रक्तपेढीतील गोठवलेला ताजा प्लाझ्मा दिला जातो. त्यात हवे असलेले प्रथिन असतेच, मात्र ब्रॅडिकायनिनचा कच्चा मालही असल्याने क्वचित सूज वाढते. याउलट इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये लॅनाडेलुमॅब आणि २०२१ मध्ये बेरोट्रलस्टॅट ही प्रतिबंधक औषधे सरकारी खर्चाने देण्यास मान्यता दिली, अर्थात अटी घालूनच: बेरोट्रलस्टॅटसाठी महिन्याला किमान दोन झटके यावे लागतात आणि तीन महिन्यांत ते निम्म्यावर न आल्यास औषध बंद होते. अशा अटी कठोर वाटतात, पण त्या लेखी आणि जाहीर असल्याने रुग्णाला आपला हक्क कुठवर आहे हे कळते.

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ठरावीक आजारांसाठी उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय आणि चंदीगडची पीजीआय संस्था ही त्यांपैकी दोन केंद्रे. पण घशाची सूज काही तासांत श्वास रोखू शकते, आणि गडचिरोलीच्या रुग्णाला तेवढ्यात मुंबई गाठता येत नाही. म्हणून महागड्या प्रतिबंधक औषधांवरील चर्चेआधी इकॅटिबंटचा विचार व्हायला हवा. दहा अमिनो आम्लांचा हा कृत्रिम पेप्टाइड ब्रॅडिकायनिनला त्याच्या ग्राहीवर अडवतो, प्लाझ्माच्या पुरवठ्यावर अवलंबून नसतो, आणि त्वचेखालील इंजेक्शन असल्याने शिकवल्यास रुग्ण ते स्वतः घेऊ शकतो. त्याचा मोजका साठा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठेवणे राज्य सरकारने पहिल्यांदा करावे.