पडदे पाडल्यावर शेडमध्ये काय होतं

पालघर जिल्ह्यातल्या सालवड, बोईसर, तारापूर या पट्ट्यात जुलैचा पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. ब्रॉयलरच्या शेडला लांब बाजूंनी भिंत नसते. खाली गुडघाभर बांधकाम आणि वर थेट छपरापर्यंत जाळी. त्यामुळे सर आली की मालक धावत जाऊन पडदे पाडतो. पाऊस हटत नाही, मग पडदेही तसेच राहतात. आठवड्याभरात पक्ष्यांच्या घशातून घरघर ऐकू यायला लागते. रोजची मरतूक दोनाची चार, चाराची सात होते. कंपनीचा सुपरवायझर येतो, मेलेला पक्षी चिरतो आणि सांगतो, "ई. कोलाय."

हे निदान बहुधा बरोबर असतं, पण अर्धंच. ई. कोलाय पावसाबरोबर आलेला नसतो, तो पहिल्या दिवसापासून तिथेच असतो. थिओडोर एशेरिख या जर्मन-ऑस्ट्रियन डॉक्टरने 1885 मध्ये या जिवाणूचं वर्णन केलं तेही तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून. माणसाच्या आतड्यात तो राहतो, कोंबडीच्याही राहतो. शेडमधल्या विष्ठेत तो असतो आणि ती वाळून उडणाऱ्या धुळीतही. त्यातले काही वाण कोंबडीला आजारी पाडण्यात तरबेज असतात हे खरं. पण धडधाकट पक्षी रोज ही धूळ श्वासात घेतो आणि त्याला काही होत नाही. प्रश्न जिवाणू कुठून आला हा नाही. इतके दिवस त्याला अडवून धरणारं दार कोणी उघडलं, हा आहे.

त्यासाठी आधी गादीकडे बघावं लागतं. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचं तूस अंथरलेलं असतं. पालघरमध्ये भातगिरण्या असल्याने तूस मिळायला अडचण नाही, पण पावसाळ्यात ते कोरडं मिळणं अवघड. पक्षी जेवढं खाद्य खातो त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो आणि त्यातलं बरंचसं गादीवरच येतं. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर दिसणारा पांढरा थर म्हणजे यूरिक आम्ल. गादीतले दुसरेच जिवाणू या यूरिक आम्लाचं विघटन करून अमोनिया तयार करतात. गादीत वीस-पंचवीस टक्के ओलावा असेल तर हे काम संथ चालतं. ओलावा तीस-पस्तीस टक्क्यांवर गेला की तूस चिकटून पापडी धरतं आणि अमोनिया भराभर सुटतो. पडदे बंद असल्याने तो बाहेर जात नाही. बाहेरची हवा दमट, आतली त्याहून दमट, त्यामुळे गादी वाळायची वाटही बंद.

अमोनिया मोजायचं यंत्र बहुतेकांकडे नसतं, नाक असतं. पण दिवसभर शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक काही वेळात मरतं. "आमच्याकडे वास नाही" असं मनापासून सांगणाऱ्याच्या शेडमध्ये पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. शिवाय आपलं नाक पाच फुटांवर आणि पिल्लाचं गादीपासून काही इंचांवर. खरं कळायला हवं असेल तर सकाळी, बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत आल्या आल्या, उकिडवं बसावं आणि पिल्लाच्या उंचीवर दोन मिनिटं श्वास घ्यावा.

हवेत अमोनियाचं प्रमाण दशलक्ष भागांत 25 च्या वर गेलं की पक्ष्याच्या श्वासनलिकेला इजा व्हायला लागते. या नलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांची दाट लव असते. ती सतत एका दिशेने हलत राहते आणि धूळ, जंतू, शेंबूड हे सगळं घशाकडे ढकलून देते. मघाशी दार म्हटलं ते हेच. अमोनियाने ही लव आधी सुस्त होते, मग झडते. आता आत गेलेली धूळ आतच राहते आणि धुळीवर बसून आलेला ई. कोलायही.

कोंबडीच्या शरीराची रचना इथे तिच्या विरोधात जाते. तिची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवायला शरीरभर पातळ पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. काही वायुकोश छातीत, काही पोटात यकृत-आतड्यांना लागून. उडणाऱ्या पक्ष्यासाठी ही रचना उत्तम, पण या पिशव्यांना रक्तपुरवठा फारच तुटपुंजा. रक्त नाही तिथे रक्तातून येणाऱ्या संरक्षक पेशीही उशिरा पोचतात आणि औषधही कमी पोचतं. जिवाणूला याहून निवांत जागा नाही. तिथे वाढून तो रक्तात उतरतो आणि हृदय, यकृत गाठतो.

चिरलेल्या पक्ष्यात हाच प्रवास दिसतो. निरोगी वायुकोश साबणाच्या फुग्यासारखा पारदर्शक असतो, इथे तो गढूळ, जाड आणि आत पनीरसारखा पिवळट साका. हृदयावर पांढरट पडदा चिकटलेला, यकृतावर तसाच दुसरा. असा पक्षी मरायच्या आदल्या दिवशी पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेला असतो. मेला नाही तरी त्याचं वजन तिथेच थांबतं. ब्रॉयलरच्या धंद्यात हा तोटा मरतुकीपेक्षा मोठा, कारण चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोपुढे न्यायचं हाच सगळा हिशेब.

दार उघडायला अमोनियाच लागतो असं नाही. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू हेच काम करतो आणि त्या घरघरीला शेडवाले 'सीआरडी' म्हणतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारी पेनिसिलिन गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. राणीखेत रोगाची लासोटा लस दिल्यावरही तीन-चार दिवस पक्षी थोडे शिंकतात. कोरड्या, मोकळ्या हवेत ते आपोआप निवळतं. नेमके तेच दिवस झडीचे आणि बंद पडद्यांचे असले तर लशीला दोष देऊन मोकळं होणारे खूप भेटतात. पहिल्या आठवड्यात मरणाऱ्या पिल्लांची गोष्ट वेगळी. तिथे संसर्ग बेंबीतून पोटातल्या पिवळ्या बलकाला झालेला असतो आणि त्याचं मूळ हॅचरीतल्या घाणेरड्या अंड्यात किंवा ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या, काळातल्या थंड गादीत शोधावं लागतं.

आपल्याकडे यात पंचांगही येतं. गटारीपर्यंत चिकनला उठाव असतो. श्रावण लागला की मागणी पडते, भाव पडतात आणि लिफ्टिंग, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलणं, लांबतं. बत्तीसाव्या-पस्तिसाव्या दिवशी जायचा पक्षी चाळिशी ओलांडून शेडमध्येच राहतो. तो जड झालेला, जागा तेवढीच, विष्ठा वाढलेली आणि वर ऐन पावसाळा. जूनअखेरीस पिल्लं टाकतानाच हा हिशेब करून दर पक्ष्यामागे थोडी जागा जास्त ठेवणारा शेतकरी मला शहाणा वाटतो, पक्षी कमी बसले तरी.

पडदा कसा लावलाय यावर बरंच ठरतं. तो वर बांधून खाली सोडायचा नसतो. खालची कड भिंतीला पक्की करावी आणि वरून उघडझाप करावी. मग पाऊस चालू असतानाही वरची फूटभर फट उघडी ठेवता येते. गरम, अमोनियाने भरलेली हवा वर चढून तिथून निघून जाते आणि पिल्लांच्या अंगावर थेट झोत येत नाही. छपराच्या पागोळ्या जाळीपासून तीन-चार फूट लांब पडतील इतकं छप्पर पुढे काढलेलं असेल तर ही फट आणखी मोठी ठेवता येते. पाण्याच्या निपलखालची ओली गादी रोज उचलावी आणि बाकीची खालीवर करावी. पापडी धरलेली गादी मात्र पक्षी आत असताना उलथू नये, खाली कोंडलेला अमोनिया एकदम सुटतो. ती उचलून बाहेर न्यावी आणि कोरडं तूस टाकावं.

ओल्या गादीवर चुना मारायची सवय सगळीकडे आहे. चुना ओल शोषतो, पण तो अल्कधर्मी आहे. गादीत क्षाररूपात बांधलेला अमोनिया त्यामुळे वायू होऊन सुटतो. म्हणजे गादी कोरडी दिसते आणि हवा बिघडते. चुना रिकाम्या शेडसाठी ठेवावा.

आता औषध. करारावरच्या शेडमध्ये पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीकडून येतं. शेड, वीज, मजुरी आणि तूस शेतकऱ्याचं. साहजिकच गादी बदलण्यापेक्षा टाकीत औषध ओतणं सोपं आणि खिशाला हलकं पडतं. पण आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्यामुळे पाण्यातल्या औषधाचा सर्वात मोठा वाटा निरोग्यांच्या पोटात जातो. कोणतं औषध लागू पडेल हे अंदाजाने ठरवू नये. ताज्या मेलेल्या पक्ष्याच्या हृदयातलं रक्त किंवा यकृत प्रयोगशाळेत दिलं तर जिवाणू वाढवून, त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय.

कोलिस्टिन हे एकेकाळी शेडमध्ये सर्रास चालणारं औषध. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर तेच काढतात. त्याला न जुमानण्याची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे देणारं जनुक चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्ये सापडल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. जुलै 2019 मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. इतर औषधं बंद केल्यावरही पक्षी विकण्याआधी थांबण्याचा काळ असतो, तो लेबलवर छापलेला असतो आणि लिफ्टिंग अचानक ठरलं तरी पाळायचा असतो.

मरतूक चढते कशी यावरही नजर हवी. ई. कोलायची मर पायरीपायरीने वाढते. एका रात्रीत शेकड्याने पक्षी गेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर तो प्रकार निराळा. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि पाठोपाठ वसई-विरारमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, म्हणजे तो या भागाला परका नाही. अशा वेळी पक्षी चिरून बघायचा नाही, विकायचा नाही, नाल्यात फेकायचा नाही. शेडचं दार बंद करून 1962 या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि पशुसंवर्धनचे लोक येईपर्यंत आत-बाहेर करणाऱ्यांची पावलंही थांबवायची.