फुटलेले लखोटे

इसवी सन १७७६ च्या नोव्हेंबर महिन्याची ३० तारीख. न्यूयॉर्क शहर हातचे गेलेले, हडसन नदीकाठी आपल्याच नावाने बांधलेला किल्ला आतील सुमारे २,८०० शिबंदीसह शत्रूच्या कबजात जाताना पैलतीरावरून पाहण्याची वेळ आलेली, आणि उरलेले शिपाई नोकरीची मुदत संपली की घरची वाट धरणार हे स्पष्ट दिसत असलेले, अशा अवस्थेत न्यू जर्सीतील ब्रन्स्विक गावी छावणी करून असलेल्या अमेरिकन सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या हाती एक मोहोरबंद लखोटा पडला. लखोटा होता जोसेफ रीड याच्या नावाचा. रीड हा पूर्वी सरसेनापतीचा खास चिटणीस आणि या वेळी अ‍ॅड्जुटंट जनरल, म्हणजे फौजेच्या हजेरी-हुकुमांचा मुख्य कामगार. वॉशिंग्टनचा त्याच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणावर असेल. पत्र पाठविणारा होता चार्ल्स ली, फौजेतील दुसऱ्या क्रमांकाचा सेनानी, ज्याला नदी ओलांडून लवकर सामील व्हा म्हणून वॉशिंग्टन पत्रामागून पत्रे धाडीत होता आणि जो काही ना काही सबब काढून जागचा हालत नव्हता. रीड कामानिमित्त बर्लिंग्टनला गेलेला. पत्रात लीच्या हालचालीची बातमी असणार, ती सरकारी असणार, तेव्हा वाट कशाला पाहावयाची, असे मनात आणून वॉशिंग्टनने मोहोर फोडली.

आत जे होते ते भलतेच. रीडने काही दिवसांपूर्वी लीला पत्र लिहून त्याची वारेमाप स्तुती केली होती आणि वरिष्ठाच्या धरसोड वृत्तीबद्दल खेद व्यक्त केला होता. त्याला उत्तर देताना लीने त्या खेदात मनःपूर्वक सामील होऊन, युद्धात अनिर्णय हा मूर्खपणाहून किंवा धैर्याच्या अभावाहूनही अधिक घातक दोष होय, असा सिद्धान्त सांगितला होता. ज्याच्यावर हा सिद्धान्त बेतलेला तोच तो वाचीत होता.

वॉशिंग्टनने ते पत्र रीडकडे रवाना केले आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडली. हे पत्र खासगी आहे याची कल्पना नव्हती, सरकारी कामाचे समजून उघडले, एवढीच आपली सबब. बर्लिंग्टनच्या प्रवासाचे कष्ट घेतलेत त्याबद्दल आभार, आणि कामात यश येवो, असा तिचा आशय. रागाचा एक शब्द नाही, खुलाशाची मागणी नाही, मजकुराचा नामनिर्देशदेखील नाही! अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील हजारो पत्रांपैकी एकच निवडावयास सांगितले तर आम्ही ही चिठ्ठी निवडू. ज्या माणसाला संतापाचे झटके देणारी प्रकृती जन्मतः मिळाली होती, त्याने आयुष्यातील सर्वांत वाईट पंधरवड्यात स्वतःला किती आवळून धरले होते, हे या चार ओळी जितके सांगतात तितके वसाहतींच्या काँग्रेसला लिहिलेले त्याचे लांबलचक अहवाल सांगत नाहीत. पुढल्या वर्षी रीडने आपण होऊन क्षमायाचना केली, तेव्हा मात्र वॉशिंग्टनने मनातले सांगितले: आपले दोष काढले याचे दुःख झाले नाही, ते आपल्यालाच थेट सांगितले नाहीत याचे झाले.

पत्रे ही लिहिणाऱ्याच्या मनाचा आरसा होत, असे म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ती तितकीशी मान्य नाही. ज्या पत्राची नक्कल दप्तरी राहावयाची आहे, जे काँग्रेससमोर वाचले जावयाचे आहे, ते लिहिणारा मनुष्य आरशासमोर नव्हे, सभेसमोर उभा असतो. मन दिसते ते ज्याला पाठविले त्याला सोडून भलत्याच्या हाती पडलेल्या पत्रात. आणि या युद्धात तशी पत्रे इतकी आहेत की त्यांचाच एक स्वतंत्र इतिहास लिहिता यावा.

लीचेच पाहा. वरील प्रसंगानंतर दोन आठवड्यांनी, १३ डिसेंबर रोजी, बास्किंग रिज येथे आपल्या फौजेपासून काही कोस दूर एका खानावळीत उतरून तो अमेरिकन फौजेतल्याच जनरल गेट्सला पत्र लिहीत बसला होता. विषय तोच, सरसेनापतीची नालायकी. पत्र हातावेगळे होते न होते तोच इंग्रजी घोडेस्वारांनी खानावळीला गराडा घातला आणि दुसऱ्याच्या धोरणावर टीका करणारा हा मुत्सद्दी झोपेच्या पोशाखातच कैद होऊन गेला. पत्र तेवढे वाचले, कारण गेट्सचा जेम्स विल्किन्सन नावाचा तरुण अंमलदार तेथे होता आणि तो ते घेऊन निसटला. याच विल्किन्सनकडे पुढच्या ऑक्टोबरात साराटोगाच्या विजयाचा खलिता काँग्रेसकडे पोचविण्याची कामगिरी आली; वाटेत रेडिंग येथे लॉर्ड स्टर्लिंगच्या मुक्कामी मद्याच्या भरात त्याने, थॉमस कॉन्वे या सेनाधिकाऱ्याने गेट्सला लिहिलेल्या पत्रातील वॉशिंग्टनच्या निंदेचे एक वाक्य बोलून टाकले. स्टर्लिंगने ते वॉशिंग्टनला कळविले आणि वॉशिंग्टनने कॉन्वेला नेमके तेवढेच वाक्य लिहून धाडले, पुढे-मागे एक अक्षर नाही. गेट्सची धांदल अशी उडाली की, आपले दप्तर कोणी चोरून उतरून घेतले याचा तपास करा अशी विनंती त्याने खुद्द वॉशिंग्टनलाच केली, आणि चोराचे नाव उलट टपाली कळले ते आपल्याच विश्वासू विल्किन्सनचे!

याहून विलक्षण हकिगत डॉक्टर बेंजामिन चर्च याची आहे. हा बोस्टनचा नामांकित वैद्य, देशभक्तांच्या अंतःस्थ मंडळीतला, आणि १७७५ साली फौजेच्या रुग्णालयांचा मुख्य अधिकारी. त्याने सांकेतिक लिपीत लिहिलेले एक पत्र, न्यूपोर्टच्या बंदरातील इंग्रज आरमारी कप्तानामार्फत बोस्टनला जावे म्हणून, आपल्या एका मैत्रिणीजवळ दिले. तिने ते ओळखीच्या एका पाव भाजणाऱ्याच्या स्वाधीन केले. त्याने ते कप्तानाकडे नेले नाही, घरी ठेवून दिले. आणि सारे तेथेच विसरले गेले असते, पण बाईने अधीर होऊन, पत्र अद्याप पोचले कसे नाही, अशी चौकशी पत्राने केली. पत्र पोचले नाही हे हिला कोणी सांगितले, असा प्रश्न त्या भट्टीवाल्याला पडला, आणि लखोटा सरसेनापतीच्या मेजावर आला. लिपी उलगडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सॅम्युएल वेस्ट नावाचे एक पाद्री होते. निघाले काय, तर अमेरिकन फौजेच्या तोफांचा, दारूगोळ्याचा आणि माणसांचा तपशील. फितुरीला फाशी देण्याचा कायदाच तेव्हा काँग्रेसजवळ नव्हता, म्हणून चर्च काही काळ कैदेत राहिला; पुढे त्याला वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या जहाजावर चढविण्यात आले आणि ते जहाज पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

जॉन अ‍ॅडम्सवर आलेला प्रसंग यापुढे विनोदीच म्हणावयाचा. फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये राजाकडे आणखी एक विनयाचा अर्ज धाडावा असा आग्रह धरणाऱ्या जॉन डिकिन्सनवर तो चिडलेला होता, आणि १७७५ च्या जुलैत एका मित्राला लिहिताना त्याने, संपत्ती मोठी पण बुद्धी चिमूटभर, अशा अर्थाचे शब्द नाव न घेता खर्ची घातले. पत्रे नेण्याची हौस एका तरुण वकिलास होती. त्यास इंग्रजांनी वाटेत धरले आणि ऑगस्टात ती पत्रे बोस्टनच्या राजनिष्ठ वर्तमानपत्रात छापून आली. पुढे एके दिवशी रस्त्यात डिकिन्सन समोरून येताना पाहून अ‍ॅडम्सने टोपी काढून अभिवादन केले, तर तो मान ताठ ठेवून शेजारून निघून गेला. ही हकिगत अ‍ॅडम्सने आपल्या रोजनिशीत मोठ्या प्रांजळपणे नोंदविली आहे. अ‍ॅडम्स आणि त्याची पत्नी अ‍ॅबिगेल यांच्यातील अकराशेंहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत तोफांच्या आवाजाने थरथरणाऱ्या तावदानांपासून देवीच्या लसटोचणीपर्यंत सारा संसार आहे. पण त्याबद्दल लिहावयाचे तर लेख दुसराच होईल.

लखोट्याच्या एका चुकीने मात्र अमेरिकेचा सर्वांत मोठा गुन्हेगार हातचा गेला. अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट आर्नोल्डचा इंग्रजांशी फितुरीचा सौदा १७७९ च्या मे महिन्यापासून पत्रांतूनच चालला होता, आणि त्याचा शेवट वेस्ट पॉइंटचा किल्ला विकण्यात व्हावयाचा होता. पत्रे व्यापाऱ्याच्या भाषेत लिहावयाची, शब्दांच्या जागी पुस्तकातील पान, ओळ आणि शब्द यांचे आकडे घालावयाचे, सह्या खोट्या. आर्नोल्ड कधी ‘गुस्ताव्हस’, इंग्रज सेनापतीचा अ‍ॅड्जुटंट मेजर आन्द्रे तो ‘जॉन अँडरसन’. १७८० च्या सप्टेंबरात आन्द्रे आर्नोल्डला समक्ष भेटून परत जात असता, २३ तारखेस टॅरीटाउनजवळ तिघा नागरी शिपायांनी त्याला अडविले आणि त्याच्या मोज्यांत तळपायाशी दडविलेले कागद काढले. येथवर सारे ठीक. परंतु त्या भागाच्या अंमलदाराने, लेफ्टनंट कर्नल जेम्सनने, कागद वॉशिंग्टनकडे रवाना केले आणि अँडरसन नावाचा इसम पकडल्याचे पत्र, सरकारी रिवाजाप्रमाणे, आपल्या वरिष्ठाकडे, म्हणजे आर्नोल्डकडे पाठविले! २५ तारखेस सकाळी न्याहारीच्या वेळी ते आर्नोल्डला मिळाले; त्याच सकाळी वॉशिंग्टन त्याच्याकडे येणार होता. आर्नोल्ड होडीत बसून इंग्रज जहाजावर पळाला आणि तेथून त्याने वॉशिंग्टनला पत्र लिहिले, बायको निरपराध आहे, तिला संभाळा म्हणून. आन्द्रेनेही पत्र लिहिले: मरणाला भीत नाही, पण फाशी न देता सैनिकाप्रमाणे गोळीने मारावे. वॉशिंग्टनने उत्तर दिले नाही. २ ऑक्टोबर रोजी टॅपन येथे आन्द्रेला फाशी दिले गेले.

इतक्या अनुभवांनंतर मनुष्य कागदाच्या बाबतीत दक्ष झाला तर नवल नाही. वॉशिंग्टनचे हेर तर १७७८ नंतर अदृश्य शाईने लिहीत, आणि त्यांच्या संकेतकोशात ७६३ आकडे होते. खुद्द सरसेनापती म्हणजे ७११, न्यूयॉर्क म्हणजे ७२७. एरवीच्या पत्रांचे मसुदे अलेक्झांडर हॅमिल्टन, टेंच टिल्घमन, रॉबर्ट हॅरिसन असे तरुण चिटणीस करीत. वॉशिंग्टन मुद्दे सांगे, मसुदा तपाशी, सही करी. हे कागद पेट्यांत घालून छावणीबरोबर हिंडत. १७८१ साली काँग्रेसच्या मंजुरीने रिचर्ड व्हॅरिक यास नेमून त्याच्या हाताखाली कारकून दिले गेले, आणि पकीप्सी गावी दोन वर्षांहून अधिक काळ बसून त्यांनी सारे दप्तर सुवाच्य अक्षरात ४४ बाडांत उतरवून काढले. १७८३ च्या नोव्हेंबरात कागद गाडीत भरून, पहाऱ्यानिशी, व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथे वॉशिंग्टनच्या घरी रवाना झाले. याच काळात आमच्याकडे पुण्यास नाना फडणीस याच दक्षतेने कागद जपीत होते, त्यांचे दप्तर मेणवलीस राहिले. वॉशिंग्टन वारला १४ डिसेंबर १७९९ रोजी आणि नाना १३ मार्च १८०० रोजी, अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने. दोघांत आणखी एक धागा आहे. १७ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनच्या तटावरून, चोवीस तास लढाई थांबवावी असे पत्र ज्याने वॉशिंग्टनला धाडले आणि उत्तरी दोनच तास मिळविले, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणाच्या वेढ्यात पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांच्या छावणीशेजारी उतरला.

परंतु शत्रूपासून वाचलेले दप्तर मित्रापासून वाचतेच असे नाही. १८३४ ते १८३७ या काळात जॅरेड स्पार्क्स या विद्वानाने वॉशिंग्टनच्या लेखनाचे १२ खंड प्रसिद्ध केले, आणि ते करताना राष्ट्रपित्याची भाषा आपल्या मते सुधारली. जनरल पुटनमला वॉशिंग्टनने लाडाने ‘ओल्ड पुट’ म्हटले होते, तेथे ‘जनरल पुटनम’ झाले. एक रक्कम पिसवेच्या चाव्याएवढीच आहे असे त्याने लिहिले होते, तेथे ती गरजेच्या मानाने सर्वथा अपुरी झाली. शिवाय हस्ताक्षराच्या हौशी संग्राहकांना वाटण्यासाठी या गृहस्थाने अस्सल कागदांचे तुकडेही कापले. पुढे रीडला लिहिलेली पत्रे जशीच्या तशी छापली गेली तेव्हा दोन पाठ शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले आणि इंग्लंडातील लॉर्ड महॉनने या सुधारणेवर कोरडे ओढले. स्पार्क्सची श्रमशीलता वादातीत आहे, त्याने केले नसते तर कित्येक पत्रे उजेडात येण्यास आणखी पिढी लागली असती. तरीही पिसवेचा चावा खोडणाऱ्या हाताला क्षमा करावी असे आम्हांस वाटत नाही.

एका दप्तराचा निकाल तर घरच्या माणसानेच लावला. मार्था वॉशिंग्टनने पतीच्या पश्चात त्या दोघांचा जवळजवळ सर्व पत्रव्यवहार जाळून टाकला. जगाने त्याचे हिशेब, हुकूम, खलिते खुशाल वाचावे. एवढे वाचू नये, असे तिला वाटले असेल तर तिला बोल कोण लावणार? १८०२ साली ती वारल्यावर तिचे लिहिण्याचे मेज नातीकडे गेले, आणि त्या मेजात दोन पत्रे निघाली, दोन्ही १७७५ च्या जून महिन्यातली. एक १८ जूनचे, सरसेनापतिपद स्वीकारल्याची बातमी देणारे, त्यात मृत्युपत्र करून ठेवल्याचा उल्लेख आहे आणि तिच्यासाठी काही कापड विकत घेतल्याचाही. दुसरे २३ जूनचे, बोस्टनकडे कूच करण्यापूर्वी घाईघाईने लिहिलेले.