आकाशाचे रंग खरे किती?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आकाशाकडे पाहण्याची सवय लहानथोर सर्वांनाच आहे. मात्र ती नजर बहुधा ढग शोधणारी असते. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच गेल्या, की निरभ्र आकाशाचे कौतुक कोणाला वाटणार? ऑगस्टमधले स्वच्छ निळे आकाश हे आपल्याकडे काळजीचे कारण असते. पण हेच कोरडे, स्वच्छ आकाश रात्री जे दाखवते, ते पाहायला पुण्या-मुंबईच्या माणसाला शहराबाहेर बरेच लांब जावे लागते. आज मी बोलणार आहे ते या रात्रीच्या आकाशाविषयी आणि त्याच्या छायाचित्रांविषयी.

अंतराळाची रंगीत छायाचित्रे आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. गुलाबी तेजोमेघ, चक्राकार दीर्घिका, सोनेरी धुळीचे डोंगर. मी शाळाशाळांतून दुर्बीण घेऊन जातो, तेव्हा मुलांनी ही चित्रे आधीच पाहिलेली असतात. दुर्बिणीला डोळा लावला की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हे तर नुसतं धुरकट दिसतंय. मग ते रंगीत फोटो खोटे असतात का?" प्रश्न अगदी रास्त आहे. कारण चित्र खोटे ठरले, तर त्यामागचे विज्ञानही मुलाच्या मनातून उतरते.

पहिली गोष्ट डोळ्याची. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत. म्हणून चांदण्यात लाल लुगडेही काळपट दिसते. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा मात्र एकाच जागी तासन्‌तास टक लावून बसतो आणि थेंबे थेंबे प्रकाश साठवतो. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींजवळच्या, रिकाम्या वाटणाऱ्या एका चिमुकल्या तुकड्याकडे सलग दहा दिवस पाहिले. त्या तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका सापडल्या. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे!

या हबलची कथाही ऐकण्यासारखी आहे. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली, पण तिची छायाचित्रे अस्पष्ट येऊ लागली. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी जास्त घासली गेली होती. डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपानंतर आपला भाग सावरू पाहत होता त्या सुमारास, अंतराळवीरांनी तिथे जाऊन तो दोष दूर करणारे आरसे बसवले. त्यानंतर १९९५ मध्ये तिने टिपलेले 'सृष्टीचे स्तंभ' जगभर गाजले. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेले ते वायू-धुळीचे खांब म्हणजे नवे तारे जन्मण्याची जागा आहे.

आता रंगांकडे येऊ. अशा दुर्बिणी मुळात कृष्णधवल चित्रेच घेतात, पण प्रत्येक वेळी वेगळी गाळणी लावून. एका गाळणीतून फक्त हायड्रोजनचा प्रकाश येतो, दुसरीतून ऑक्सिजनचा, तिसरीतून गंधकाचा. 'स्तंभां'च्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. म्हणजे तो रंग हा एक नकाशा आहे. कोणता वायू कुठे आहे, हे त्यावरून कळते. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक दोघांचाही तो प्रकाश लालच असतो. तसाच ठेवला असता तर दोन्ही एकमेकांत मिसळून गेले असते.

काही प्रकाश तर डोळ्याला मुळी दिसतच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून प्रामुख्याने अवरक्त प्रकाश टिपते. जुलै २०२२ मध्ये तिची पहिली रंगीत चित्रे आली. त्यांत सर्वांत लांब लहरींना लाल आणि सर्वांत आखूड लहरींना निळा रंग दिलेला असतो. गाणाऱ्याने पट्टी बदलली तरी चाल तीच राहते, तसेच हे आहे. आणि रेडिओचे उदाहरण तर आपल्यासमोरच आहे. रेडिओ लहरी कानाला ऐकू येत नाहीत. आपला संच त्यातून आवाज तयार करतो. म्हणून त्या आवाजाला कोणी खोटा म्हणत नाही.

अशा अदृश्य लहरींनी विश्व पाहण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रात चालते. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही महाकाय दुर्बीण उभी राहिली. डॉ. जयंत नारळीकर ज्या 'आयुका'चे संस्थापक संचालक होते, त्या पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दीर्घिकांचा एक प्रचंड समूह शोधला. सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या समूहाला 'सरस्वती' हे नाव दिले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रहाने ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपला. तो शोधही २०२० मध्ये आयुकातील डॉ. कनक साहा यांच्या नेतृत्वाखाली लागला.

एवढ्या दूरचे पाहून आपल्याला काय मिळणार, असेही काही जण विचारतात. मी त्यांना पाण्याचे उदाहरण देतो. ज्या पाण्यासाठी आपण टँकरची वाट पाहत उभे राहिलो, त्यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभी तयार झाला आणि ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजला. ते तारे फुटले, त्यांचे द्रव्य विखुरले, त्यातूनच सूर्य आणि पृथ्वी घडली. तेजोमेघाच्या चित्रातील हिरवा आणि निळा रंग म्हणजे आपल्या हंड्यातल्या पाण्याचेच दोन घटक होत.

हे सारे पाहायला मोठी दुर्बीण हवीच असे नाही. मृगाच्या पावसाची आपण जूनमध्ये वाट पाहतो, पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असल्याने ते दिसत नाही. ते पाहावे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याच्या दक्षिणेला जरा खाली एक धुरकट ठिपका दिसेल. तोच मृगातील तेजोमेघ, सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर. आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा या भागावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

हा ठिपका दिसायला अंधार मात्र हवा. बालाघाटच्या माथ्यावर, वाड्यावस्त्यांवर तो अजून शिल्लक आहे. पण चौकाचौकांत उंच खांबांवरचे झगझगीत दिवे येऊ लागले आहेत आणि त्यांचा बराच प्रकाश वर आकाशात वाया जातो. दिवे नकोत असे मी म्हणणार नाही. रस्त्यावर उजेड हवाच. लेकीबाळींना रात्री निर्धास्त चालता आले पाहिजे. पण दिव्याला वरून टोपी असावी, उजेड जमिनीवर पडावा आणि गरज संपल्यावर दिवा बंद व्हावा, एवढे ग्रामपंचायतीला सहज करता येईल. त्यात वीजबिलाचीही बचतच आहे.

छायाचित्रे मोबाइलवर येतच राहतील. ती मुलांना जरूर दाखवा, त्यातला कोणता रंग कशाचा हेही सांगा. आणि मग एखाद्या अमावास्येला त्यांना गच्चीवर किंवा शेतात न्या. दहा-पंधरा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या आणि तो धुरकट ठिपका त्यांचा त्यांना सापडू द्या.