बेंगळूरची जहागीर : एका प्रशासकीय प्रदेशाचे भाषिक स्वरूप

राज्य आणि जिल्हा यांच्या मधल्या प्रशासकीय घटकाकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. भाषा, पंथ, राजवंश किंवा नगर यांच्या आधारे वाङ्मयेतिहास लिहिले जातात. महसुली विभागाच्या आधारे नव्हे. तथापि अशा विभागांची नावे आणि सीमा प्रादेशिक अस्मितेच्या घडणीत कसा भाग घेतात, याची उदाहरणे जगभर आढळतात. जर्मनीतील बायर्नच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशासकीय विभागांना नद्यांची नावे देण्यात आली होती. राजा पहिला लुडविग याने १८३७ मध्ये ती बदलून फ्रँकन, श्वाबन, फाल्झ अशी ऐतिहासिक नावे योजिली. आज 'ओबरफ्रांकन' हे नाव प्राचीन लोकजीवनाचे वाटते. पण त्याचे सध्याचे रूप एका राजाज्ञेतून आलेले आहे.

बेंगळूर परिसराचा विचार या दृष्टीने उपयुक्त ठरतो. कर्नाटकाच्या चार महसुली विभागांपैकी बेंगळूर हा एक विभाग आहे. कोलार, तुमकूर, दावणगेरे, शिवमोग्गा हे जिल्हे त्यात मोडतात. सतराव्या शतकातील शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीतील बेंगळूर, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, कोलार आणि शिरे ही प्रमुख ठाणी आजच्या या विभागाच्या हद्दीत येतात. १६६४ मध्ये ज्या होदिगेरे गावी शहाजीराजांचा मृत्यू झाला आणि जिथे त्यांची समाधी आहे, ते गावही याच विभागातील चन्नगिरी तालुक्यात आहे. या योगायोगातून अखंड परंपरेचा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल.

भौगोलिकदृष्ट्या हा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचा पठारी मुलूख. बेंगळूरच्या पश्चिमेचे पाणी अर्कावतीतून कावेरीला मिळते, तर पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीतून तमिळ प्रदेशाकडे जाते. नगराला मोठी नदी नाही; शेती आणि वस्ती तळ्यांच्या आश्रयाने वाढली. घाटांवरचा म्हणून या मुलखाला विजापूरच्या दप्तरात 'बालाघाट' आणि घाटाखालच्या मुलखाला 'पाईनघाट' म्हणत. ही दोन्ही नावे तेथील रहिवाशांच्या भाषेतून आलेली नाहीत. उत्तरेकडून पाहणाऱ्या राज्यकर्त्याची दृष्टी त्यांत उमटली आहे.

केंपेगौडा पहिला याने १५३७ मध्ये वसविलेले बेंगळूर १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या मोहिमेत आदिलशाहीकडे आले, आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. बहुभाषिकता त्यांच्याबरोबर आली असे मात्र नाही. कन्नड मुलखाचा अधिपती असलेल्या पहिल्या केंपेगौडाच्या नावावर 'गंगागौरीविलासमु' हे तेलुगु यक्षगान आहे. जहागिरीने या पूर्वीच्या बहुभाषिक भूमीवर मराठी आणि फारसी कारभाराचा नवा थर चढविला.

या थराची खोली परिभाषेवरून मोजता येते. परगणा, तरफ, मौजे, मजरे असे मुलखाचे विभाग आणि देशमुख, देशपांडे, कानगो असे अधिकारी या काळात येथे रुजले. परंतु गावपातळीवर हिशेब लिहिणारा 'शानभोग' आपल्या कन्नड नावानिशी टिकला. धारवाड-बेळगावकडे 'कुलकर्णी' हे नाव सर्रास आढळते. जुन्या म्हैसूरकडे त्याच पदासाठी शानभोग हाच शब्द रूढ राहिला. म्हणजे परगण्याची भाषा बदलली, गावाची बदलली नाही. याच विसंगतीत या प्रदेशाचे वैशिष्ट्य दडले आहे.

दरबारी पातळीवरचा पुरावा जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'तून मिळतो. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाशिककडील हा कवी शहाजीराजांच्या दानशूरतेची कीर्ती ऐकून बेंगळूरला आला आणि आपण बारा भाषांत रचना करू शकतो हे सुचविण्यासाठी त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले, असा प्रसंग त्यात आहे. मुख्य काव्य संस्कृतात असून अखेरच्या भागात नाना भाषांतील रचना येतात. गुर्जर, कर्नाटक, हिंदुस्थानी ही तेथील भाषानामे मुळात प्रदेशनामे आहेत, ही बाब लक्षणीय होय. दरबारात भाषा हजर होतात त्या मुलखांच्या प्रतिनिधी म्हणून. भाषांची यादी ही एका अर्थी मुलखांचीच यादी ठरते.

राजवाड्यांनी हा ग्रंथ प्रामुख्याने मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचला. त्यांच्या काळाची ती गरज होती. पण संस्कृत काव्य, गोदाखोऱ्याकडचा कवी, मराठी आश्रयदाता, कन्नड भूमी आणि फारसी दप्तर असणारी सलतनत यांचा हा संयोग कोणत्याही एका भाषेच्या वाङ्मयेतिहासात पूर्णपणे मावत नाही.

दरबाराबाहेरचे चित्र शिलालेखात दिसते. मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर देवालयाला एकोजीराजांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिले, त्याची नोंद कन्नड लेखात आहे. देणगी देणारा मराठा, पण जिथे ती पाळली जायची तिथली भाषा कन्नड. राजसत्तेची भाषा प्रजेपर्यंत पोचताना कशी बदलत गेली, याचा हा नेमका दाखला होय.

ही व्यवस्था अल्पायुषी ठरली. एकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरला बस्तान हलविले. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयानंतर शिवाजी महाराजांनी केलेल्या तहात बेंगळूरचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी नेमून दिल्याचे कलम आढळते. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने नगर घेतले. ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले, असे परंपरागत वृत्तांत सांगतात. शिरे मोगल सुभ्याचे ठाणे झाले. जहागीर संपली, पण तिची वाङ्मयीन वृत्ती तंजावरात फळाला आली. एकोजींचे पुत्र शाहराजे यांचे 'पंचभाषाविलास' हे पाच भाषांतील नाटक त्याच वृत्तीचा विस्तार मानता येते.

या प्रदेशाला मराठीची वसाहत म्हणणे जितके एकांगी, तितकेच मराठीला केवळ पाहुणी मानून बाजूला सारणे अपुरे आहे. दोन्ही दाव्यांत आजच्या भाषिक राज्यांच्या सीमा सतराव्या शतकावर लादल्या जातात. १९५६ च्या पुनर्रचनेने भाषा आणि प्रशासन यांची जी सांगड घातली, ती बेंगळूरच्या जहागिरीला अपरिचित होती. तेथे दप्तर, दरबार, देवालय आणि गाव या प्रत्येकाची भाषा वेगळी असू शकत होती आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नव्हती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने भाषांची तुलना करण्यापूर्वी, त्या भाषांना एकत्र नांदविणाऱ्या महसुली मुलखाचा नकाशा समोर ठेवावा. शानभोगाचे कन्नड नाव आणि जयरामाचे बारा नारळ हे एकाच नकाशावर ठेवले, तरच दोहोंचा अर्थ लागतो.